एरंडाचं कुळ-मूळ: वर्गीकरणाबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

शेताच्या बांधावर, ओढ्याकाठी, उकिरड्यालगत, बांधकाम रखडलेल्या प्लॉटवर एरंड दिसत नाही असं गाव महाराष्ट्रात क्वचितच. इतक्या ओळखीच्या झाडाबद्दल विद्यार्थी, निसर्गभ्रमंतीला येणारी मंडळी आणि शेतकरी पुन्हा पुन्हा जे विचारतात ते इथे एकत्र केलं आहे. बहुतेक गोंधळ पानावरून झाड ओळखायला गेल्यामुळे होतो. एरंडाचं नातं कळतं ते त्याच्या फुलात आणि बोंडात, म्हणून उत्तरंही फिरून फिरून तिकडेच येतात.

एरंडाचं शास्त्रीय नाव काय? ते कुणी दिलं?

रिसिनस कम्युनिस. स्वीडिश वनस्पतिशास्त्रज्ञ कार्ल लिनियसने १७५३ साली ‘स्पीशीज प्लांटारम’ या ग्रंथात ते प्रसिद्ध केलं, म्हणून नावापुढे त्याच्या आडनावाचा ‘एल.’ लिहितात. लॅटिनमध्ये रिसिनस म्हणजे गोचीड. बी हातात घेतलं की नावाचं कारण वेगळं सांगावं लागत नाही. कम्युनिस म्हणजे सगळीकडे आढळणारा.

पूर्ण वर्गीकरण थोडक्यात सांगाल का?

सपुष्प वनस्पती, त्यातल्या द्विदल. गण (ऑर्डर) मॅल्पीगिएल्स, कुल (फॅमिली) युफोर्बिएसी, उपकुल अकॅलिफॉइडी, त्याखालचा गट अकॅलिफी, प्रजाती (जीनस) रिसिनस, जाती (स्पीशीज) कम्युनिस. परीक्षेसाठी एवढं पुरतं. पण उत्तर लिहिताना कोणत्या पद्धतीप्रमाणे लिहिताय त्याचा उल्लेख जरूर करा, नाहीतर पुढच्या प्रश्नातला घोळ होतो.

माझ्या पुस्तकात गण वेगळा दिला आहे. कोणतं बरोबर?

दोन्ही आपापल्या जागी बरोबर असू शकतात. लिनियसने झाडं पुंकेसरांवरून लावली. एरंडाची नरफुलं आणि मादीफुलं वेगळी पण एकाच झाडावर, म्हणून त्याने एरंड ‘मोनीशिया’ वर्गात टाकला. त्या वर्गात मक्यापासून भोपळ्यापर्यंत कुणीही कुणाच्या शेजारी बसलेलं होतं. सोयीची पद्धत होती, पण तिच्यातून नातं काही कळत नव्हतं.

पुढे बेंथम आणि हूकर यांची पद्धत आली (१८६२ ते १८८३). आपल्याकडच्या जुन्या वनस्पतीसूची आणि कित्येक हर्बेरियमची, म्हणजे वाळवलेल्या वनस्पतींच्या संग्रहांची, कपाटं आजही तिच्याच क्रमाने लावलेली असतात. त्यात एरंडाचं कुल ‘मोनोक्लॅमिडी’मध्ये, म्हणजे पाकळ्या आणि निदलं (पाकळ्यांबाहेरची, बहुधा हिरवी दलं) असे दोन वेगळे थर नसलेल्यांमध्ये, आणि त्यातही ‘युनिसेक्शुएल्स’ या मालिकेत येतं. त्यानंतरचे वर्गीकरणकार बघा: एंग्लरने ते जिरॅनिएल्समध्ये ठेवलं. क्रॉन्क्विस्टने युफोर्बिएल्स हा गण मानून त्यात ठेवलं. १९९८ पासून डीएनएच्या आधारावर जी एपीजी (अँजिओस्पर्म फायलोजेनी ग्रुप) पद्धत रूढ झाली, तिने ते मॅल्पीगिएल्समध्ये नेलं. या गणात जांभळ्या फुलांचं कृष्णकमळ आहे, जवस आहे आणि खारफुटीतलं कांदळही आहे.

यात एक गोष्ट नजरेतून निसटू नये. दीडशे वर्षांत वरची छपरं बदलत गेली, पण एरंड युफोर्बिएसीतून कुणी बाहेर काढला नाही. आणखी एक बारीक सूचना: बेंथम-हूकरच्या काळात ‘ऑर्डर’ हा शब्द आज आपण ज्याला कुल म्हणतो त्यासाठी वापरत. जुनं पुस्तक वाचताना त्याचं ‘गण’ असं भाषांतर केलंत तर पुढचा सगळा हिशेब चुकेल.

लाल एरंड, हिरवा एरंड, काटे नसलेला एरंड या वेगवेगळ्या जाती नाहीत?

नाहीत. रिसिनस या प्रजातीत जगभरात मिळून एकच जाती आहे. अशा प्रजातीला एकजातीय म्हणतात. वर्गीकरणाच्या दृष्टीने एरंडाची ही सर्वांत मजेशीर बाब आहे. कुल एवढं मोठं, की त्यात सहा हजारांहून अधिक जाती, आणि त्यात हा आपल्या प्रजातीत एकटा.

पूर्वी असं मानत नव्हते. बोंडावर काटे नाहीत म्हणून कुणी रिसिनस इनर्मिस नाव दिलं, हिरवा दिसला म्हणून रिसिनस व्हिरिडिस, काळपट जांभळा म्हणून रिसिनस लिव्हिडस, आफ्रिकेतला म्हणून रिसिनस आफ्रिकॅनस. ही सगळी नावं आज रिसिनस कम्युनिसची समानार्थी म्हणून नोंदली जातात. कारण साधं आहे. या सगळ्यांच्या पेशीत गुणसूत्रं २० च असतात आणि त्यांचा आपसात संकर सहज होतो, संकरातून आलेलं झाडही सुपीक निघतं. खोडाचा रंग, खोडावरचा राखेसारखा मेणाचा थर, बोंडावरचे काटे, बियांचा आकार आणि नक्षी, ही लक्षणं मोजक्या जनुकांवर ठरतात आणि एकाच शेतात सरमिसळ झालेली दिसतात. जगभरच्या नमुन्यांचे डीएनए तपासले तेव्हाही, दिसण्यात एवढे प्रकार असूनही, आतली विविधता बेताचीच निघाली.

आयुर्वेदात पांढरा आणि तांबडा असे दोन एरंड सांगतात. गुणधर्माच्या विचारात तो भेद असू द्या, वनस्पतिशास्त्रात ते एकाच जातीचे प्रकार आहेत. बागेत शोभेसाठी लावतात तो तांबड्या पानांचा एरंडही तोच.

शेतकऱ्यांना मिळणारे जीसीएच (गुजरात कॅस्टर हायब्रिड) मालिकेतले संकरित वाणही याच जातीतले. गुजरातमध्ये १९६८ साली आलेला जीसीएच-३ हा एरंडाचा पहिला व्यापारी संकरित वाण. जवळपास सगळी मादीफुलंच येतात अशी झाडं हाती लागल्यामुळे हे जमलं, कारण एरवी एकेका तुऱ्यातली नरफुलं खुडत बसणं कुणाला परवडणार?

फुलावरून एरंड कसा ओळखायचा?

सकाळी लवकर, ऊन तापायच्या आत, एक उमलता तुरा जवळून बघा. तुरा फांदीच्या शेंड्याला येतो. खालच्या भागात नरफुलं, वरच्या भागात मादीफुलं. हा क्रम लक्षात ठेवा, कारण याच कुलात बरोबर उलटा क्रमही सापडतो.

नरफूल उघडलं की तीन ते पाच हिरवट दलं मागे वळतात आणि आतून फिकट पिवळा झुबका बाहेर येतो. एका फुलात शेकडो परागकोश असतात. ते सुटे नसतात. पुंकेसरांचे दांडे बुडाशी जुळलेले असतात, पुढे त्यांना फांद्या फुटतात, त्या फांद्यांना आणखी फांद्या, आणि प्रत्येक टोकाला एक परागकोश. भिंगाखाली ते एखाद्या फुलकोबीच्या गड्ड्यासारखं दिसतं. फांद्या फुटलेले असे पुंकेसर ही एरंडाची खास खूण. परागकोश फुटताना परागकण झटक्याने उडवतो आणि वारा ते घेऊन जातो. काहींना त्याने शिंका आणि दम्याचा त्रास होतो, तेव्हा भिंग लावताना नाक जरा लांब ठेवा.

मादीफुलात पाकळ्या तर नाहीतच, निदलंही लवकर गळून जातात. उरतो तो मऊ काट्यांनी भरलेला हिरवा अंडाशय आणि त्यावर परागकण झेलणाऱ्या तीन कुक्षी. प्रत्येक कुक्षी टोकाला दुभंगलेली, पिसासारखी, बहुधा लालभडक. आता अंडाशय ब्लेडने आडवा कापा. तीन कप्पे, प्रत्येकात एकच बीजांड, वरून लोंबणारं. तीन कप्पे आणि कप्प्यागणिक एक बीजांड हे युफोर्बिएसीचं ओळखपत्र. एवढं दिसलं की पान कसंही असो, कुल चुकायचं नाही.

एक सावधगिरीची सूचना विद्यार्थ्यांसाठी. युफोर्बिएसी म्हटलं की बरेच जण हमखास ‘सायॅथियम पुष्पविन्यास’ लिहून टाकतात. पेल्यासारखा तो पुष्पविन्यास (फुलांची मांडणी) शेर, दुधी (दुधी भोपळा नव्हे, चिकाचं तण), पॉइन्सेटिया यांच्या युफोर्बिया प्रजातीच्या गटात असतो. एरंडात तो नाही. एरंडाचा साधा तुरा.

आणि बोंड, बी?

बोंडाच्याही तीन फाका. वाळलं की फाका एकमेकींपासून सुटतात आणि तडकून बी लांब फेकतात. उन्हात वाळत घातलेली बोंडं तडतडताना ऐकली असतील तर वेगळं सांगायला नको.

बीचं कवच कडक, चकचकीत, त्यावर तपकिरी-राखाडी चट्टे. एका टोकाला फिकट, मऊसर गाठ असते, तिला कॅरंकल म्हणतात. तिच्यात तेलकट अन्न असतं, मुंग्या त्यासाठी बी ओढून नेतात, गाठ खातात आणि बी टाकून देतात. म्हणजे आधी बोंडाने फेकायचं आणि मग मुंग्यांनी वाहायचं, असा दुहेरी प्रवास. वारुळापाशी एरंडाची रोपं उगवलेली दिसतात ती याचमुळे.

कवच फोडून आतला गर उभा चिरला तर दोन जाड पांढरे भाग दिसतात. त्यांना डाळिंब्या समजू नका. तो भ्रूणपोष, तेल त्यातच साठलेलं. बीजपत्रं त्यांच्या मधोमध कागदासारखी पातळ, शिरा दिसणारी. हरभऱ्यात भ्रूणपोष संपून बीजपत्रं जाड होतात, एरंडात तो शिल्लक राहतो. भ्रूणपोष असलेल्या द्विदल बीचं उदाहरण म्हणून पाठ्यपुस्तकात एरंड येतो तो यासाठी.

मोगली एरंड म्हणजे एरंडाचाच प्रकार ना?

नाही. कुंपणाला लावतात तो मोगली एरंड, म्हणजेच चंद्रज्योत, ही जट्रोफा कर्कस. कुल तेच, उपकुल वेगळं: क्रोटनॉइडी. तिचा मूळ देश मध्य अमेरिकेकडचा.

फरक ओळखायला सोपा. एरंडाचं पान उलटं करून देठ कुठे जुळलाय ते बघा. तो कडेला न जुळता पानाच्या पोटात जुळतो, छत्रीच्या दांड्यासारखा. चंद्रज्योतीचा देठ पानाच्या कडेला, खाचेत जुळतो. एरंडाचं पान खोलवर चिरलेलं, सात-नऊ बोटांचं, कडा करवती. चंद्रज्योतीचं पान जेमतेम तीन-पाच कोनांचं, कडा सलग. चंद्रज्योतीच्या फुलाला हिरवट पिवळ्या पाकळ्या असतात, एरंडाला मुळीच नाहीत. तिचं फळ गुळगुळीत आणि बी काळपट, बिननक्षीचं.

हा भेद नुसता वहीपुरता नाही. चंद्रज्योतीच्या बिया चवीला शेंगदाण्यासारख्या लागतात म्हणून मुलं त्या खातात आणि दवाखान्यात पोचतात, अशा बातम्या आपल्याकडे वारंवार येतात. दोन्ही विषारीच, पण विषं निरनिराळी. डॉक्टरांना कोणतं बी पोटात गेलंय हे नेमकं कळणं गरजेचं असतं.

पान पपईसारखं आहे. पपई जवळची नातेवाईक का?

अजिबात नाही. पपईचा गण ब्रॅसिकेल्स. मोहरी आणि शेवगा तिच्या जवळचे. पंजासारखं पान कापसालाही असतं, कसाव्यालाही असतं. पानावर जाऊ नका.

युफोर्बिएसी म्हणजे चिकाची झाडं. एरंडातून तर चीक निघत नाही?

प्रश्न रास्त आहे. पांढरा चीक युफोर्बिएसीतल्या युफोर्बिऑइडी या उपकुलात हमखास आणि क्रोटनॉइडीत बऱ्याच ठिकाणी मिळतो. त्या दुसऱ्या उपकुलात चंद्रज्योतीसारखी पाणचट रसाचीही झाडं आहेत. एरंडाच्या अकॅलिफॉइडीत असा चीक नसतो, फांदी मोडली की नुसतं पाणी येतं. चीक हे कुलाचं लक्षण नव्हे, कुलातल्या काही घरांचं आहे. उलट रुई आणि पांढऱ्या चाफ्यालाही चीक असतो, त्यांचं कुल भलतंच.

मग आपल्या आसपास एरंडाचे खरे नातेवाईक कोण?

सर्वांत जवळचे ओळखायचे तर कोकणात चला. रस्त्याकडेला, तोडलेल्या जंगलात झपाट्याने वाढणारा चांदाडा, म्हणजे मॅकरंगा पेल्टाटा, एरंडाच्याच अकॅलिफॉइडी उपकुलातला. त्याचाही देठ पानाच्या पोटात जुळतो. सह्याद्रीत ज्याच्या फळांवर तांबडी पूड असते तो शेंद्री (मॅलोटस) त्याच उपकुलातला. आणि कुंडीत आपोआप उगवणारी, मांजरं जिच्या मुळाशी लोळतात ती खोकली तर अकॅलिफा प्रजातीची. या उपकुलाला नाव मिळालं ते तिच्या प्रजातीवरून.

थोडे लांबचे: रबराचं झाड, कसावा, जमालगोटा, बागेतलं रंगीत पानांचं क्रोटन, शेर, त्रिधारी निवडुंग, दुधी, पॉइन्सेटिया. उपवासाचा साबुदाणा आपल्याकडे कसाव्याच्या कंदापासून होतो. म्हणजे एकादशीला आपण एरंडाच्या भाऊबंदाचंच अन्न खातो.

आवळा मात्र आता या यादीत नाही. जुन्या पुस्तकांत आवळा, भुईआवळा, पुत्रंजीवा हे सारे युफोर्बिएसीत होते. त्यांच्या अंडाशयात कप्प्यागणिक दोन बीजांडं असतात, एक नव्हे. हा फरक जुन्या लोकांनाही माहीत होता, पण तो कुल मोडण्याइतका मोठा आहे हे डीएनएने ठरवलं. आवळा फायलँथेसीत गेला, पुत्रंजीवाला पुत्रंजीवेसी हे वेगळं कुल मिळालं.

याहून मोठा धक्का २००७ साली बसला. जगातलं सर्वांत मोठं फूल असलेलं, पान-खोड नसलेलं परजीवी रॅफ्लेशिया हे युफोर्बिएसीच्या गोतावळ्यातून निघाल्याचं डीएनएने दाखवलं. एरंडाचं इवलंसं फूल आणि मीटरभर रुंद रॅफ्लेशिया भाऊबंद! शेवटी रॅफ्लेशियाला वेगळं कुल राखता यावं म्हणून २०१६ च्या एपीजी आवृत्तीत युफोर्बिएसीतून पेरेसी हा आणखी एक तुकडा काढावा लागला.

एरंडावरच्या अळ्या-फुलपाखरांवरून नातं कळतं का?

कधी कळतं, कधी चकवतं. एरंडावर वाढणारं ‘कॉमन कॅस्टर’ फुलपाखरू ट्रॅगिया या खाजऱ्या वेलीवरही अंडी घालतं, आणि ट्रॅगिया अकॅलिफॉइडीतलीच. इथवर ठीक. पण आसामात एरंडाच्या पाल्यावर पोसला जाणारा एरी रेशमाचा किडा कसाव्याची पानं खातो तशीच केसेरू नावाच्या झाडाचीही खातो, आणि केसेरूचं कुल पार वेगळं. पुरावा म्हणून किड्याची साक्ष एकट्याने चालत नाही.

एरंड मूळचा भारतातलाच ना?

बहुतेक अभ्यासक त्याचं मूळ ईशान्य आफ्रिकेत, इथिओपियाच्या आसपास मानतात. आपल्याकडे तो फार पुरातन काळापासून आहे. संस्कृतात त्याला पंचांगुल, गंधर्वहस्त अशी नावं आहेत. प्राचीन इजिप्तमध्ये त्याच्या तेलावर दिवे जळत. आज जगातलं सर्वाधिक एरंड भारतात पिकतं आणि त्यातलं बहुतांश गुजरातमध्ये.

ते झाड की झुडूप? वर्षायू की बहुवर्षायू?

स्वभावाने बहुवर्षायू. मोकळं सोडलं तर दहा मीटरपर्यंत जातं. शेतात पीक म्हणून एका हंगामात काढतात, थंड देशांत हिवाळ्यात मरतं, म्हणून पुस्तकांत ‘वर्षायू’ही लिहिलेलं सापडतं. खोड पोकळ आणि लाकूड मऊ, त्यामुळे याला वृक्ष म्हणायला जीभ वळत नाही. ‘ओसाड गावी एरंड बळी’ उगाच म्हणत नाहीत. बऱ्याच गावांत होळीच्या मधोमध एरंड उभा करतात, तेव्हा तेवढ्यापुरता मान त्याला मिळतो.

एरंडेल औषध, मग बी विषारी कशी?

बीमध्ये रिसिन नावाचं प्रथिन असतं. ते पेशीतली प्रथिनं बनवणारी यंत्रणा बंद पाडतं. १९७८ साली लंडनमध्ये बल्गेरियन लेखक गेऑर्गी मार्कोव्ह यांचा खून याच विषाने झाल्याचं मानतात. प्रथिन असल्यामुळे ते तेलात विरघळत नाही, पेंडीत राहतं, आणि उष्णतेने निकामी होतं. गावाकडे बिया भाजून, कुटून, पाण्यात उकळून वर तरंगलेलं एरंडेल काढत, त्या पद्धतीत हे आपोआप साधत होतं. गव्हाला, तुरीच्या डाळीला चोळतो त्या एरंडेलाची भीती नको. मात्र पेंड जनावरांना घालू नका, आणि खत म्हणून कुंडीत टाकली असेल तर कुत्र्याला तिथून लांब ठेवा. गरोदर बाईला डॉक्टरांना विचारल्याशिवाय एरंडेल पाजायचं नाही.

मुलाने बी चावून खाल्ली तर त्रास सुरू व्हायची वाट बघू नका. उलट्या-जुलाब काही तासांनी सुरू होतात, तोवर मूल ठणठणीत दिसतं. उरलेली बी किंवा बोंड घेऊन लगेच रुग्णालयात जा.

जाता जाता: गुंजेतलं अब्रिन हे विष रिसिनच्याच धर्तीचं, पण गुंज शेंगावर्गीय. विष सारखं म्हणून कुल सारखं ठरत नाही.

हर्बेरियमसाठी एरंडाचा नमुना कसा घ्यावा?

अख्खं पान शीटवर मावत नाही, म्हणून मध्यम पान निवडा आणि अर्धं दुमडून ठेवा, पण देठ जुळण्याची जागा दिसलीच पाहिजे. देठाच्या टोकाला छोट्या गाठी असतात, तिथे गोड रस पाझरतो आणि मुंग्या येतात, त्या झाकू नका. तुरा असा घ्या की खालची नरफुलं आणि वरची मादीफुलं दोन्ही येतील. खोड पोकळ आणि पाणीदार, उभं चिरून दाबलं नाही तर बुरशी धरतं. खोडाचा रंग आणि त्यावरची राख वाळल्यावर नाहीशी होते, ती झाडापाशीच टिपून घ्या. बोंडं दाबायची नाहीत. दाबात तडकून बिया प्रेसभर होतात. ती बियांसकट कागदी पाकिटात घाला आणि पाकिटावर ‘विषारी’ असं ठळक लिहा.